देवापुढची गोगलगाय

बेट, ता. खानापूर
२ मार्च

स्वरूप यास,

नमस्कार, खुशाली वगैरे तू गृहीत धर, मी लिहीत बसत नाही. तू फोनवर मला ब्लॉक केलंस आणि 'भावकू परिवार' ग्रुपमधूनही काढून टाकलंस. फोन तुझा, ग्रुप तुझा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोस्ट अजून सरकारची आहे. पत्र रजिस्टर्ड पाठवते आहे, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायला तुला तोंड राहणार नाही.

आता कामाचं बोलते. गेल्या भाद्रपदात तू मखराचा 'खोल समुद्र' केलास. मागं निळा कागद, खाली वाळू, आणि देवापुढं दोन मोठी काचेची वाडगी. एकात रंगीत मासे, दुसऱ्यात पिवळ्याधमक गोगलगायी, खासबागेतल्या कुठल्याशा दुकानातून आणलेल्या. "आक्का, बघ कशा सोन्यासारख्या दिसतात," असं म्हणत तू सगळ्यांना जवळ बोलावून दाखवत होतास. देवापुढं जिवंत काही मांडू नये असं मी म्हणाले, तर तू हसलास. टिळकवाडीतल्या लोकांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेट्या बसवून बसवून तुला देवाचं घरही दिवाणखानाच वाटायला लागलं आहे. फोटो काढलेस आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तेजस्वीला घेऊन गाडीत बसलास. तुझी बायको तरी सासूला नमस्कार करून गेली, तू तेवढाही थांबला नाहीस. पाचव्या दिवशी विसर्जनाला तू नव्हतास.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. देवापुढं मांडलेलं काही माघारी घरात येत नाही. दूर्वा, कंठी, पाच फळं, पाटावरचे तांदूळ, सगळं देवाबरोबर तळ्यात जातं. एका वर्षी आप्पा नवाकोरा टॉर्च मखरात विसरले, तोही त्यांनी मुकाट्यानं पाण्यात सोडला होता. त्याच रीतीनं तुझी वाडगीही तळ्यात रिकामी झाली. रंगीत मासे आपल्या मरळींनी लगेच फस्त केले. गोगलगायींच्या वाटेला मात्र कोणी गेलं नाही.

डिसेंबरात घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या वर वीतभर, गुलाबी पुंजके दिसायला लागले. लग्नाच्या पंगतीतली गुलाबी बुंदी चिकटवून ठेवावी तसे. ती त्यांची अंडी. आपल्या तळ्यातली काळपट गोगलगाय चिखलात अंडी घालते, पांढरी. ती कधी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ही बया पाण्याबाहेर येऊन दगडावर, कमळाच्या देठावर, बैल बांधायच्या खुंटावरसुद्धा घालते. मी जानेवारीत त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली 'स्वरूपची कृपा' असं लिहिलं. तेवढ्यावर तुझं नाक कापलं गेलं आणि मला घरातून, म्हणजे तुझ्या फोनमधल्या घरातून, बाहेर काढलंस.

तळ्यात आता कमळं नाहीत. एक पानही नाही. पानांवर चालणारे कमळपक्षी दर हिवाळ्यात यायचे, ते या वर्षी येऊन एक फेरी मारून गेले. पाण्याखालचं सगळं गवत खाल्लं गेलंय. त्या गवतात मरळ आपली पिल्लं सांभाळायची. आता पिल्लांना लपायला जागा नाही, म्हणून पिल्लंही नाहीत. आपल्या काळपट गोगलगायींचे रिकामे शंख काठावर पडले आहेत. पाणी हिरवं, घट्ट झालंय, आणि म्हैस तोंड लावून मागं सरते.

मी धारवाडच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं असं की ही अमेरिकेकडची गोड्या पाण्यातली गोगलगाय दिसते. फिलिपिन्सच्या बेटांवर लोकांनी ती खायला म्हणून नेली आणि ती उलटून त्यांचं भात खाऊन बसली. हवाई बेटांवर अळूची शेतं तिनं उजाड केली. बेटावर तिचं फार फावतं म्हणे, कारण तिथल्या जिवांना तिची सवय नसते आणि पळून जायला दुसरीकडं जागा नसते. आपलंही बेटच आहे. दोन्हीकडून मलप्रभा आणि मधे दोन घरं, चार तुकडे शेत आणि एक तळं.

वाटणीत तळं आणि त्याच्या भोवतीची पट्टी तुझ्या नावावर गेली, हे तू मला तीन वर्षं ऐकवत आला आहेस. मग आता ऐक. तुझ्या तळ्यातली गोगलगाय जूनमध्ये माझ्या भाताच्या कोवळ्या रोपांवर येईल. नदी फुगली की तळं काठोकाठ भरून नदीला मिळतं. एकदा ती नदीत उतरली की खालच्या सगळ्या गावांच्या भाताला ती भेटणार. त्याच्या आधी तळं साफ झालं पाहिजे. हातानं वेचून आणि अंडी खरवडून होतं, पण हात पुष्कळ लागतात. तू ये. ही विनंती नाही.

रचना


बेट
१६ मार्च

स्वरूप,

पोचपावतीवर तुझी सही आली आणि त्याच्या मागोमाग तेजस्वीच्या फोनवरून तुझा निरोप आला. स्वतःच्या फोनवरून लिहायला तुझी बोटं झिजतात काय? बायकोला टपालखात्यात नोकरीला ठेवलंस ते बरं केलंस. बिचारीनं खाली आपल्या मनानं 'सॉरी वन्सं' असं लिहिलं होतं, ते तुला दाखवलं असेल असं वाटत नाही.

"आक्का ओव्हर करते. चार गोगलगायींनी काय होतंय? आणि मी वाडगं तळ्यात ओत म्हणून सांगितलं नव्हतं. ज्यानं ओतलं त्यानं निस्तरावं. आधी कोणी ओतलं ते सांग." हा तुझा निरोप. मी तो परशराम काकांना वाचून दाखवला. बेटावरचं दुसरं घर त्यांचंच, आणि तळ्याचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडीला लागून त्यांचं शेत आहे, त्यामुळं त्यांना विचारायचा अधिकार आहे. ते विडी विझवून म्हणाले, "पोरी, गोगलगाई त्येच्याच हायत न्हवं? मग एका पोत्यात घालून धाड की टिळकवाडीला. सोफ्यावर बसू देत." मी अजून पोतं भरलेलं नाही. पण माझा भरवसा धरू नकोस.

ओतण्याचा विषय तू एका निरोपात पुन्हा पुन्हा काढला आहेस. घरगुती वस्तूवर बोटांचे ठसे शोधायला तू पोलीस आहेस काय? मी ओतलं असं धर. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं करावं हे तुला हसण्यासारखं वाटेल, तर हस. मित्रांना सांग, ग्रुपवर टाक. माझी त्याला हरकत नाही. मात्र हसून झालं की इकडं ये.

तू आला नाहीस म्हणून काम थांबलेलं नाही. संध्याकाळी आम्ही पपईची पानं पाण्यात टाकतो. सकाळी त्यांच्याखाली गोगलगायी जमलेल्या असतात, त्या चाळणीनं काढायच्या आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. उघड्या हातानं धरायच्या नाहीत, त्यांच्या अंगात मेंदूला जाणारा जंत असू शकतो, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतले जुने हातमोजे मी घरी आणले आहेत. अंडी खरवडून पाण्यात पाडली की कुजतात. आई पायरीवर बसून खरवडते. काकांच्या घरची माणसं सांडीला जाळी बांधतात. चाळीस वर्षं या तळ्याचं पाणी पिऊन वाढलेला एकच माणूस यात नाही.

आणखी एक. आईला मी सांगितलं आहे की या गोगलगायी वरच्या अंगानं पुराच्या पाण्यातून आल्या असतील. तिच्याशी फोनवर बोलताना या गोष्टीत तोंड घालू नकोस. वाडग्याचं नाव तिच्यापुढं काढलंस तर मी बेळगावला येऊन तुझ्या दारात उभी राहीन आणि तुझे शेजारी जेवण सोडून गॅलरीत येतील इतक्या मोठ्यानं बोलेन. मी वर्गात माईक वापरत नाही, हे तुला माहीत आहे.

रचना


बेट
२९ मार्च

स्वरूप,

या वेळी तू स्वतः लिहिलंस, तेही छापील कागदावर, वर तुझ्या इंटीरियरच्या धंद्याचा शिक्का. गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवतात तसं. 'विषय : तळ्यातील गोगलगाय समस्येचे निराकरण.' वाचून मला क्षणभर वाटलं की आता पडद्याचा रंगही विचारशील.

तुझं म्हणणं असं की तुझ्या ओळखीचा कोणी माणूस मोरचूद आणि आणखी कसलंसं औषध एकत्र करून टाकतो, एका दिवसात तळं साफ, आणि चाळणी घेऊन पाण्यात फिरण्यापेक्षा हे शास्त्रशुद्ध आहे. स्वरूप, शास्त्राचं नाव माझ्यापुढं जपून काढ. मोरचूद पाण्यात पडलं की आधी मासे मरतात, मग बेडूक, खेकडे, चतुरांच्या अळ्या. आपल्या काळपट गोगलगायी ज्या थोड्या उरल्या आहेत, त्या मरतील. ही पिवळी मात्र शंखाच्या दाराला झाकण असलेली आहे. पाणी आवडलं नाही की झाकण लावून चिखलात बसते. नाहीतर सरळ काठावर चढते, कारण तिला हवेत श्वास घेता येतो. आणि अंडी तर पाण्याच्या वर आहेत, त्यांना तुझं औषध शिवणारसुद्धा नाही. म्हणजे तिला खाणारे आणि तिच्याशी भांडणारे सगळे मारून तू तिला मोकळं तळं देणार. जावयालासुद्धा कोणी इतकं देत नाही.

तळं कागदावर तुझं आहे. मान्य. कागदावर मासे लिहिलेले नाहीत. त्या मरळी आप्पांनी हंड्यातून आणून सोडल्या होत्या. आजारपणात अंथरुणावरनं ते रोज विचारायचे, पिल्लं दिसली काय गं. तेव्हा तू कुठं होतास ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

आमच्या वेचण्यानं फरक पडतो आहे. पपईच्या पानाखाली आता पूर्वीपेक्षा कमी सापडतात, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पाण्याखाली गवताची दोन-तीन पाती वर आली आहेत. काका तर रोज सकाळी मला ती पाती दाखवायला नेतात, जणू त्यांना नातवंडच झालंय. मेअखेरपर्यंत असंच रेटलं तर नदी चढायच्या आत तळं ताब्यात येईल. आम्हाला तुझं औषध नको आहे, तुझे पैसेही नकोत. हात द्यायचे नसतील तर निदान हात लावू नकोस.

एप्रिलमध्ये मला दहावीचे पेपर तपासायला चिकोडीला जावं लागणार आहे. तिथं लॉजवर राहीन. मी नसताना बेटावर कोणालाही पाठवायचं नाही. आईला फोन करून गोड बोलून तिच्याकडून काही कबूल करून घ्यायचं नाही. तू गोड बोललास की ती विरघळते, ही तुला लहानपणापासूनची सवय आहे. हे मी स्पष्ट लिहिते आहे, म्हणजे पुढं समजलं नाही असं होणार नाही.

रचना


बेट
१८ एप्रिल

स्वरूप,

काल संध्याकाळी चिकोडीहून आले. साकवावरून अलीकडं पाय ठेवला तेव्हाच वास आला.

समजा तू विचारलंस, तर सांगते. तुझी माणसं परवा सकाळी आली, दोन कॅन आणि एक पोतं घेऊन. आई म्हणते, "चांगली पोरं हुती गं, चपला बाहीर काढून आली." तिनं त्यांना चहा दिला, पोहे दिले. कुठल्या बाजूनं उतरायचं ते तिनंच पुढं होऊन दाखवलं, कारण तू फोनवर तिला सांगितलं होतंस की तळं बरं व्हायचं औषध आहे आणि आक्काला सगळं माहीत आहे. आक्काला माहीत आहे असं तू म्हणालास. खोटं बोलताना माझं नाव तरी वापरायचं नव्हतंस.

परशराम काका शेतातून धावत आले तोपर्यंत दुसरं कॅन ओतून झालं होतं. त्यांनी त्या पोरांपैकी एकाच्या कानाखाली वाजवली. पोरगं म्हणालं, "मामा, मला का मारतासा? ज्येचं तळं त्येनं धाडलंय." काका नंतर मला म्हणाले की तेवढ्यावर आपला हात खाली आला, कारण पोरगं खरं बोलत होतं.

दुपारपर्यंत मासे वर यायला लागले. आधी बारीक, मग मोठे. आई आनंदानं पायरीवर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, औषधानं तळ्यातलं वाईट गेलं म्हणून मासे वर खेळायला आले. मग ते पोट वर करून तरंगायला लागले आणि तिच्या लक्षात आलं. मी आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला म्हणाली, "रचना, मासं का मेलं गं? औषध गोगलगाईला हुतं न्हवं?" पस्तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाला मी पाणी म्हणजे काय ते शिकवते. तिला मी हाताला धरून घरात नेलं आणि ताट वाढलं.

आज सकाळी आम्ही मासे काढले. आप्पांच्या मरळी होत्या, एक तर हाताएवढी. बेडूक किती ते मोजले नाहीत. आपल्या काळपट गोगलगायी तोंडं उघडी टाकून तळाला पडल्या आहेत. उत्तरेच्या कोपऱ्यातली गवताची पाती पिवळी पडली. काका तिकडं गेले नाहीत. पाण्याला निळी झाक आली आहे, बघायला छानच दिसते. तुझ्या खोल समुद्रासारखी.

आणि तुझ्या गोगलगायी? त्या आहेत. तुला काळजी वाटत असेल म्हणून सांगते. काही मेल्या, नाही असं नाही. पण काठावरच्या चिखलात बोट घातलं की झाकण लावून बसलेल्या लागतात. कितीतरी वर चढून केळीच्या बुंध्यात जाऊन बसल्या. पायऱ्यांवरची अंडी जशीच्या तशी आहेत, आणि आता बाहेर येणाऱ्या पिल्लांना खाणारा एक मासा तळ्यात नाही. मी हे तुला मार्चमध्ये लिहून कळवलं होतं. तुझ्या सहीची पोचपावती माझ्याकडं आहे.

संध्याकाळी तेजस्वीच्या फोनवरून तुझा निरोप आला. "झालं ना काम? उगीच टेन्शन घेत होतीस." तेजस्वीला तो पाठवताना काही वाटलं नसेल काय? तिलाच विचार.

मला तुझा राग येतो असं लिहिणार होते, पण राग माणसाचा येतो. तू मला लहानपणी नदीत बुडताना केसाला धरून ओढून काढलं होतंस, तो मुलगा कोण होता ते मला आठवतं. हा कोण ते मला कळत नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. छापील कागदावर तर मुळीच नको.

रचना


बेट
४ मे

स्वरूप,

हे पत्र माझं नाही. आई सांगते आणि मी लिहिते. दुपारी जेवण झाल्यावर ती चटई टाकून बसली आणि म्हणाली, कागद काढ. तू त्याला काय लिहितेस ते मला कधी धड वाचून दाखवलं नाहीस, आता मी सांगते ते धड लिही. तिला वाचता येत नसलं तरी मी मधे पेन थांबवलं की तिला समजतं. म्हणून खाली जसंच्या तसं आहे.

"स्वरूपा, तुझी आई अंबुबाई बोलतोय. ती वाडगी म्या वतली. तुझ्या आक्कानं न्हाय. आक्का शाळंतनं यायच्या आदीच देव हलला. परशरामानं पाट धरला, म्या वाडगी धरली. देवापुढं बसल्याली जितराबं घरात कशी ठिवायची? जावा बाबानू देवाबरोबर, असं म्हणून वतली. हात बी जोडला.

"पयल्यांदा पायरीवर गुलाबी अंडी बघितली तवाच मला उमगलं. पिवळं शंख म्या पाच दिस देवापुढं बघितल्यालं. आक्का म्हणली, आई, पुराच्या पाण्यातनं आली असतील. ती माझ्यासाठी खोटं बोलली, म्या बी तिच्यासाठी खरं मानलं. तिनं नाव आपल्यावर घेतलं हे बी मला ठावं हाय. परशरामानं सांगितलं.

"मग गप का बसलो, ते आईक. वाटणी झाली तवापास्नं तुमी दोगं एकमेकास्नी जेवलासा काय म्हणून इचारत न्हवतासा. तू गणपतीला यायचा, आक्काकडं न बघता देवाच्या पाया पडायचा, जायाचा. ही गोगलगाय आली आणि तुमी भांडायला लागलासा. पोस्टमन यायला लागला. आक्का रातच्याला चिमणी मोठी करून तुला लिवायला बसायची, लिवताना तोंडानं बोलायची, मधीच हसायची बी. मला वाटलं, भांडत्यात तर भांडू देत, बोलायला तरी लागलीत. म्या खरं सांगितलं तर भांडान मिटंल, आणि मिटलं म्हंजी पुन्ना गप व्हतील. म्हणून बसलो गप. त्यात तळं गेलं.

"औषधवाल्या पोरास्नी वाट बी म्याच दावली. तू फोनवर म्हणलास, आई, सगळं पयल्यासारखं हुईल. तुझा आवाज लई दिसानं गोड लागला. म्हणून इचारलं न्हाय, मासं ऱ्हातील काय.

"माझा तुझ्यावर राग हाय. हिच्यावर बी हाय. तुमी तळ्यावरनं भांडलासा, तळ्याकडं कुणी बघितलं न्हाय. म्या बी न्हाय. आता अंडी परत लागलीत. म्या रोज पाण्यात उतरतो. नदी चढायच्या आदी ये. गणपतीला ये म्हणत न्हाय, आता ये. एवढंच. आई."

एवढं सांगून ती उठली आणि हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून तळ्याकडं गेली. मला म्हणाली, आता तुझं काय ते तू लिही.

आईच्या बोलण्यात एक चूक आहे. मी लिहिताना हसत नव्हते. हसले असेन तर तुला लागेल असं काही सुचलं म्हणून.

मी तुला माफ केलेलं नाही. तू माझं नाव घेऊन आईला फसवलंस ते मी विसरणार नाही, आणि तूही ते विसरावंस अशी माझी इच्छा नाही. पण मला इथून ती दिसते आहे. कमरेएवढ्या पाण्यात वाकून ती चिखलात हात फिरवते, सापडली की वर धरून बघते आणि बादलीत टाकते. मी मधून हाक मारते, वर ये, ऊन झालंय. ती म्हणते, माझ्या हातानं गेल्यात, माझ्याच हातानं निघू देत. पूर्वेचा काठ मी धरला आहे, दक्षिणेचा तिनं, सांडीकडचा काकांच्या घरानं. आम्ही आज काढतो त्याहून जास्त पिल्लं दुसऱ्या सकाळी पायऱ्यांवर असतात. पुरं पडत नाही. हे तुला कळू नये असं मला फार वाटत होतं.

उत्तरेचा काठ कोणी धरलेला नाही. गमबूट आण, जाड हातमोजे आण. तिथून सुरू कर, आणि माझ्याशी बोलू नकोस.

रचना